चेहऱ्याचे वय आणि लेझरचा हिशेब

खास प्रतिनिधी

ठाण्यातील एका त्वचारोग दवाखान्याच्या प्रतीक्षा कक्षात मार्च महिन्यात भेटलेल्या चोपन्न वर्षांच्या बाई, नुकत्याच स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या बँक कर्मचारी, डॉक्टरांकडे एकच मागणी घेऊन आल्या होत्या. मुलीचे लग्न तीन आठवड्यांवर आले आहे, तोपर्यंत चेहरा 'दहा वर्षांनी मागे' न्यायचा. सोबत त्यांनी वर्तमानपत्रातून कापलेली एक जाहिरात आणली होती. त्यात एकाच स्त्रीची दोन छायाचित्रे होती, एक सुरकुतलेले आणि एक तुकतुकीत, आणि मध्ये 'फक्त एका बैठकीत' ही तीन शब्दांची हमी. डॉक्टरांनी लेझरला नकार दिला. बाई नाराज होऊन बाहेर पडल्या आणि जिन्यातच त्यांनी दुसऱ्या दवाखान्याचा नंबर फिरवला.

एकेकाळी दक्षिण मुंबईतील मोजक्या शल्यचिकित्सकांपुरती असलेली ही यंत्रे आता जिल्ह्याच्या गावी, काही ठिकाणी तर तालुक्याच्या बाजारपेठेतही येऊन पोहोचली आहेत. कर्ज काढून घेतलेल्या यंत्राचे हप्ते फेडायचे तर ते रोज चालले पाहिजे, आणि ते रोज चालवायचे तर गिऱ्हाईक हवे. त्यामुळे लेझरबद्दलची बहुतेक माहिती आज जाहिरातीतून येते. प्रत्यक्षात हा उपचार काय आहे, त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे नीट सांगणारे तुलनेने थोडे.

बारामतीपासून सुरू झालेला किरण

या कथेचा एक धागा महाराष्ट्रातून जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्वचेचा थर उडवण्यासाठी आजही ज्याला आदर्श मानले जाते तो कार्बन डायॉक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत साकारला तो कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. पदवी १९५८ ची, पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची. त्यांच्या डोक्यात अर्थातच सुरकुत्या नव्हत्या. हा किरण कारखान्यात पोलाद कापण्यासाठीही वापरला जातो आणि शस्त्रक्रियागृहातही, यावरून त्याच्या ताकदीची कल्पना यावी.

या किरणाची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. ती पाण्यात शोषली जाते, आणि त्वचेच्या पेशींमध्ये पाणी भरपूर असते. किरण पडताच हे पाणी क्षणार्धात उकळते आणि पेशींची वाफ होते. १९८० च्या दशकातील यंत्रे सलग किरण सोडत. उष्णता आजूबाजूला पसरे, खोलवर भाजे आणि व्रण राहत. १९८३ मध्ये बॉस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक सिद्धान्त मांडला. योग्य तरंगलांबीचा किरण पुरेशा कमी वेळापुरता सोडला, तर उष्णता शेजारी पसरण्याआधीच लक्ष्य नष्ट होते आणि बाकीची त्वचा वाचते, असे त्याचे सार. त्यातून पुढच्या दशकात एक सहस्रांश सेकंदापेक्षाही कमी काळ टिकणारे स्पंद सोडणारी यंत्रे आली आणि सुरकुत्यांवरचा लेझर हा खऱ्या अर्थाने उपचार झाला. एर्बियम यॅग हा त्याचा भाऊबंद, २,९४० नॅनोमीटरचा. तो पाण्यात कितीतरी अधिक शोषला जातो. त्यामुळे तो वरवर, नेमके आणि कमी उष्णतेने छिलतो, पण तितकीच त्याची आतल्या थराला आवळण्याची ताकदही कमी पडते.

जखम हाच उपचार

जाहिरातीतील 'रिसर्फेसिंग' हा गोंडस शब्द बाजूला ठेवला तर हा उपचार म्हणजे मोजूनमापून केलेली भाजणी आहे. त्वचेचा वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, उडवायचा. त्याखालच्या अंतस्त्वचेला ठरावीक चटका द्यायचा. आणि मग शरीराला आपली डागडुजी आपणच करू द्यायची. चटक्याने तिथले जुने, तुटके कोलॅजेन आक्रसते आणि पुढचे काही महिने नवे कोलॅजेन तयार होत राहते. सुरकुत्या कमी होतात त्या यामुळे. यंत्र कोलॅजेन 'घालत' नाही. ते फक्त जखम करते. भरून काढणारे शरीर असते, आणि ते वयाप्रमाणे, प्रकृतीप्रमाणे, धूम्रपानासारख्या सवयींप्रमाणे कमीअधिक चांगले काम करते.

नवी त्वचा येते कुठून? मुख्यतः केसांच्या मुळांतून आणि त्यांना लागून असलेल्या तैलग्रंथींतून. तिथे दडलेल्या पेशी वर सरकून उघडी जागा झाकतात. चेहऱ्यावर अशी मुळे दाट असतात म्हणून तो आठ-दहा दिवसांत झाकला जातो. मान, छाती आणि हातांच्या पाठीवर ती विरळ असतात; तिथे तोच डोस दिला तर जखम रेंगाळते आणि व्रण पडू शकतो. चेहऱ्यावर लेझर करून तरुण दिसणाऱ्या व्यक्तीची मान वय सांगून जाते, त्यामागे हे साधे शरीरशास्त्र आहे.

संपूर्ण थर उडवणारा हा उपचार गोऱ्या त्वचेवर १९९० च्या दशकात गाजला. परिणाम खरोखरच विलक्षण होते. पण त्याची किंमतही तशीच होती. दोन आठवडे घराबाहेर पडता येत नसे, लाली दोन-तीन महिने, कधी त्याहून अधिक टिके, आणि काहींच्या चेहऱ्यावर सहा महिने ते वर्षभराने, सगळे विसरून गेल्यावर, कायमचा फिकटपणा उगवे. त्यातून सुटका करणारी कल्पना २००४ मध्ये अँडरसन आणि डीटर मॅनस्टीन यांच्या गटानेच पुढे आणली. सगळा थर काढण्याऐवजी किरणाने चाळणीसारखी सूक्ष्म छिद्रे पाडायची आणि मधली त्वचा अखंड ठेवायची. म्हणजे प्रत्येक जखमेला चारही बाजूंनी निरोगी शेजार मिळतो आणि ती झपाट्याने भरते. हाच 'फ्रॅक्शनल' लेझर. आज महाराष्ट्रातील दवाखान्यांत 'सीओटू' म्हणून जे विकले जाते ते बहुतांशी हेच असते. त्याचाच एक सौम्य प्रकार वरचा थर न फोडता केवळ आतून तापवतो. तो सोसायला सोपा आणि परिणामाला मवाळ. या तिन्हींना एकाच नावाने आणि एकाच जोडीच्या छायाचित्रांनी विकले जाते, ही फसगतीची पहिली पायरी म्हणावी लागेल.

पहिला आठवडा आणि पुढचे सहा महिने

बैठकीआधी पाऊण ते एक तास चेहऱ्यावर भूल देणारे मलम लावून ठेवतात. हे मलम म्हणजे निरुपद्रवी क्रीम नव्हे. शरीराच्या मोठ्या भागावर लावून त्यावर प्लास्टिक गुंडाळल्याने अमेरिकेत दोन तरुणींचा मृत्यू झाला होता, आणि तेथील अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये त्याबाबत जाहीर इशारा दिला होता. त्या दोघी लेझरने केस काढण्यासाठी निघाल्या होत्या. मलम त्यांनी घरीच लावले होते. डोळ्यांवर संरक्षक कवच हवेच. पापण्यांजवळ किरण फिरवायचा असेल तर ते बुबुळावर, पापणीच्या आत बसवावे लागते.

प्रत्यक्ष किरण फिरतो तो वीस-तीस मिनिटे. मलम लावूनही तापलेल्या सुया टोचल्यासारखे वाटते आणि केस जळल्याचा वास येतो. त्यानंतर काही तास कडक उन्हात भाजल्यासारखी आग होते. दुसऱ्या दिवशी चेहरा सुजतो, डोळ्यांखाली विशेष. तिसऱ्या दिवसापासून त्वचा तपकिरी, खरखरीत, कॉफीची पूड चिकटल्यासारखी दिसू लागते, आणि पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत हे कण गळतात. नखाने खरवडण्याचा मोह याच दिवसांत होतो आणि डागांची बीजेही याच दिवसांत पेरली जातात. ज्यांना ताप आल्यावर ओठांच्या कडेला पाणीदार फोड उठण्याची सवय आहे, त्यांनी ते आधीच सांगायला हवे. त्यांच्यासाठी विषाणुरोधक गोळ्या आदल्या दिवसापासूनच सुरू कराव्या लागतात, नाहीतर तेच फोड उघड्या चेहऱ्यावर पसरू शकतात.

यानंतरचा टप्पा फसवा. आठव्या-दहाव्या दिवशी चेहरा गुलाबी, भरलेला, तुकतुकीत दिसतो. नातेवाईक कौतुक करतात, दवाखान्यात 'नंतरचे' छायाचित्र काढले जाते. पण त्या तजेल्यातील बराचसा भाग सुजेचा असतो. सूज उतरली की काही सुरकुत्या परत दिसू लागतात आणि फोन येतो, 'डॉक्टर, परिणाम गेला.' गेलेला नसतो. तो अजून आलेलाच नसतो. नव्या कोलॅजेनचे काम तीन ते सहा महिने चालते, म्हणून खरे मोजमाप सहाव्या महिन्यात, त्याच उजेडात, त्याच कोनातून, चेहऱ्यावर काहीही न लावता काढलेल्या छायाचित्रावरूनच व्हावे. एका बैठकीने भागत नाही हेही इथेच सांगायला हवे. फ्रॅक्शनल प्रकारात साधारण तीन ते पाच बैठका, प्रत्येकीत महिना-दोन महिन्यांचे अंतर, असा हिशेब असतो. म्हणजे सुरुवातीपासून अखेरच्या परिणामापर्यंत जवळजवळ एक वर्ष. तीन आठवड्यांवर आलेल्या लग्नासाठी हा उपचार नाहीच.

आपला रंग, आपला प्रश्न

हे सारे तंत्र ज्या त्वचेसाठी घडले ती आपली नव्हे, हा या विषयाचा गाभा आहे. हार्वर्डचे थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेची वर्गवारी सुचवली, ती पुढे सहा प्रकारांपर्यंत वाढली. उन्हात गेले की केवळ लाल होणारी त्वचा पहिल्या प्रकारात, गडद काळी सहाव्यात. बहुसंख्य भारतीय चौथ्या आणि पाचव्या प्रकारात येतात. अशा त्वचेतील रंगपेशी कोणत्याही दाहाला जास्त रंग बनवून उत्तर देतात. डास चावला तरी काळा डाग आठवडेच्या आठवडे राहतो, हा आपल्यापैकी प्रत्येकाचा अनुभव. लेझर म्हणजे तर ठरवून केलेला दाह. जखम भरली, गुलाबी रंग उतरला, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चेहऱ्यावर राखाडी-तपकिरी छाया उतरू लागली, हा आपल्याकडचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम. बहुतेकांत तो काही महिन्यांत, मलमे आणि कडक ऊनबंदीच्या जोरावर ओसरतो. पण ते महिने सोसणाऱ्याला विचारावे. सुरकुत्या घालवायला गेलेली व्यक्ती चारचौघांत जाणे टाळू लागते, कारण सुरकुत्यांबद्दल कोणी विचारत नव्हते. डागांबद्दल सगळेच विचारतात.

सावळ्या त्वचेवर लेझर करूच नये, असा याचा अर्थ नाही. अनुभवी तज्ज्ञ छिद्रांची दाटी कमी ठेवतात, ऊर्जा बेतात ठेवतात, कानामागे किंवा जबड्याच्या कडेला छोटा चट्टा करून महिनाभर वाट पाहतात, आणि आधीचे काही आठवडे त्वचेची मलमांनी तयारी करून घेतात. याचा स्वाभाविक परिणाम असा की लाभही मोजून मिळतो. परदेशी छायाचित्रातील लाभ आपल्या चेहऱ्यावर हवा असेल तर परदेशी डोस द्यावा लागतो, आणि तो दिला की डाग ठरलेला. या दोहोंतून सुटण्याची वाट अजून कुठल्याही कंपनीला सापडलेली नाही.

गंमत अशी की भारतीय चेहऱ्याच्या वयाची तक्रार बहुधा सुरकुत्यांची नसतेच. मेलॅनिनच्या संरक्षणामुळे आपल्याकडे बारीक सुरकुत्या गोऱ्या त्वचेच्या तुलनेत उशिराच येतात. आधी येतो तो असमान रंग, गालांवरचे वांग, डोळ्यांखालचा काळेपणा, कानशिलांवरचे तिळासारखे उंचवटे. यातील उंचवटे लेझरने सहज निघतात. वांग मात्र उष्णतेने चिघळतो. छिलणाऱ्या लेझरने तो वाढल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांना नवी नाहीत. तरीही 'पिगमेंटेशनसाठी लेझर' या एका पाटीखाली हे सगळे एकत्र बांधलेले असते. त्यात भर म्हणजे गोरेपणाच्या नावाखाली वर्षानुवर्षे चोळलेली स्टेरॉइडची मलमे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली, तरी ती सर्रास मिळतात. त्यांनी पातळ झालेली त्वचा लेझरखाली कशी वागेल, याचा भरवसा कोणीच देऊ नये.

लेझरच्या आवाक्याबाहेरच्याही काही गोष्टी आहेत. लोंबलेला जबडा, सैल झालेला गळा, नाकापासून ओठांपर्यंत उतरलेल्या खोल घड्या या स्नायू, चरबी आणि हाडांच्या बदलातून येतात. वरची त्वचा कितीही छिलली तरी त्या हटत नाहीत. कपाळावरच्या आठ्या स्नायूंच्या हालचालीने पडतात. त्यांचा उपाय वेगळा. लेझरला खरे यश येते ते उन्हाने खरबरीत झालेल्या पोताला, डोळ्यांभोवतीच्या आणि ओठांवरच्या बारीक रेषांना, आणि मुरुमांच्या व्रणांना.

यंत्र कोणाच्या हाती?

डोस ठरवणे हे ज्ञानाचे काम आहे, आणि नेमका तिथेच आपल्याकडचा कारभार ढिला आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्यशल्य आणि केशरोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढताना, कार्यशाळेला हजेरी लावणे किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे स्पष्ट करण्याची वेळ आली. सूचनेत हे लिहावे लागते, यातच परिस्थिती कळते. २०२५ मध्ये कानपूरमध्ये केशरोपणानंतर दोन अभियंत्यांचा मृत्यू झाल्याची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा उपचार करणाऱ्याच्या पात्रतेचाच प्रश्न ऐरणीवर आला. लेझर हे केशरोपण नव्हे, पण बाजार तोच, गिऱ्हाईक तेच आणि पळवाटाही त्याच.

महाराष्ट्रात तर कायद्याचीच अडचण आहे. वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. आपला १९४९ चा कायदा मुळात रुग्णांना ठेवून घेणाऱ्या शुश्रूषागृहांसाठी आहे. दुपारी येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या लेझरच्या गिऱ्हाइकाला त्याचा फारसा आधार नाही. 'स्किन क्लिनिक' अशी पाटी लावलेल्या जागेत आत डॉक्टर आहे की सौंदर्यशास्त्राचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम केलेली तंत्रज्ञ, हे बाहेरून कळत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे डॉक्टरांच्या नावाची नोंद तपासता येते, ती तपासण्याचे कष्ट मात्र आपल्यालाच घ्यावे लागतात. किरण प्रत्यक्षात कोण फिरवणार, हा प्रश्नही थेट विचारावा. तपासणारा एक आणि यंत्र हाताळणारा दुसरा, ही पद्धत रूढ आहे.

काही बिनसलेच तर ग्राहक न्यायालयाचे दार उघडे आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवले, तर २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात रुग्णाला धोके, पर्याय आणि संभाव्य परिणाम यांची पुरेशी माहिती दिल्याखेरीज घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे, हे अधोरेखित केले. असे असूनही मलम लावून चेहरा बधिर झाल्यानंतर, पाच मिनिटे उरली असताना, इंग्रजीत छापलेल्या कागदावर सही मागितली जाते. हा कागद आदल्या भेटीत मागून घरी नेता येतो. आरोग्य विमा या खर्चाला लागू होत नाही आणि आरोग्यसेवेला असलेली जीएसटीची माफीही सौंदर्योपचारांना नाही, त्यामुळे सांगितलेल्या रकमेवर कर वेगळा आहे का, आणि ती एका बैठकीची की सगळ्यांची, हेही आधीच लिहून घेतलेले बरे.

कमी खर्चाची बाजू

अमेरिकेतील एका ट्रकचालकाचे छायाचित्र २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने छापले होते. वय ६९, त्यातील २८ वर्षे मालवाहू ट्रक चालवण्यात गेलेली. खिडकीकडची डावी बाजू खोल घड्यांनी भरलेली आणि उजवी त्या मानाने कितीतरी तरुण. माणूस एक, वय एक. फरक फक्त काचेतून येणाऱ्या उन्हाचा. ऑस्ट्रेलियात नऊशेहून अधिक प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्के कमी म्हातारी झाल्याचे आढळले. रात्री लावायचे ट्रेटिनॉइनचे मलम १९८० च्या दशकापासून सुरकुत्यांवर वापरात आहे आणि अनेक महिन्यांनी का होईना, काम करते. या दोन्ही गोष्टींना कर्जाचे हप्ते नसतात, म्हणून त्यांची पानभर जाहिरातही नसते. लेझर केलाच तरी त्यानंतर त्याच सनस्क्रीनकडे यावे लागते. ते टाळले तर नवी त्वचाही जुन्या वाटेनेच जाते.

आणि मुहूर्ताचा विचार करायचा तर तो उन्हाचा. वैशाखातील लग्नसराईच्या तोंडावर, विदर्भ-मराठवाड्याच्या चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्यात ताज्या त्वचेने मांडवात उभे राहणे म्हणजे डागाला आवतण. बरेच त्वचारोगतज्ज्ञ म्हणूनच पावसाळा किंवा थंडी सुचवतात.

ठाण्याच्या त्या बाई जूनच्या अखेरीस पुन्हा त्याच प्रतीक्षा कक्षात दिसल्या. दुसऱ्या दवाखान्यात लग्नाच्या अठरा दिवस आधी बैठक झाली होती. मांडवातील छायाचित्रे त्यांनी मोबाइलवर दाखवली. त्यांत त्या सुरेख दिसत होत्या. मग त्यांनी ओढणी बाजूला केली. दोन्ही गालांवर आणि कपाळावर, किरण ज्या चौकोनांत फिरला त्याच चौकोनांत, तपकिरी छाया उतरली होती. डॉक्टरांनी मलम लिहून दिले, सनस्क्रीन दर तीन तासांनी लावायला सांगितले आणि पुढची तारीख ऑक्टोबरची दिली. 'तोवर जाईल ना?' बाईंनी विचारले. 'बरेचसे,' डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटचे नाव पुकारले गेले.